बारा फूट बाय दीड फूट झिनिया

झिनिया लावायचं मोजणीसाहेबांनी ठरवलं, तेव्हा फुलं या विषयात त्यांना एवढंच माहीत होतं की ती झाडाला येतात. जमिनीबद्दल मात्र त्यांना कोणी शिकवायची सोय नव्हती. चौतीस वर्षं त्यांनी भूमापनाच्या कचेरीत लोकांच्या जमिनी मोजल्या होत्या. कुणाची हद्द कुठे संपते आणि भांडण कुठे सुरू होतं, हे ते नुसत्या नजरेनं सांगत. पण त्या जमिनीत उगवतं काय, याच्याशी खात्याचा संबंध नव्हता, म्हणून साहेबांचाही नव्हता.

झाडं हा वहिनींचा प्रांत. वहिनी म्हणजे साहेबांच्या पत्नी. सगळी कॉलनी त्यांना वहिनीच म्हणायची. घराच्या मागच्या बाजूला, स्वयंपाकघराच्या दारापासून गल्लीच्या भिंतीपर्यंत जो चिंचोळा तुकडा होता, त्यात त्या वर्षानुवर्षं झिनिया फुलवत आल्या होत्या. लाल, शेंदरी, गुलाबी, पिवळा, सगळा एकमेकांच्या अंगावर पडलेला रंगांचा गोंधळ. साहेब त्याला ‘तुझा पसारा’ म्हणत आणि त्यातून जाताना पँट वर धरत.

मग वहिनींना झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. बोलण्यातला एक शब्द तेवढा शिल्लक राहिला. तो शब्द म्हणजे ‘पण’.

डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी, एखादा शब्द मागे राहतो. कुठला राहील ते काही सांगता येत नाही. साहेबांना मात्र तो कुठून आला ते चांगलं ठाऊक होतं. चाळीस वर्षं वहिनी त्यांच्याशी बोलताना वाक्याची सुरुवात याच शब्दानं करत आल्या होत्या, आणि बहुतेक वेळा वाक्य तिथंच संपतही होतं. कारण पुढचं साहेब बोलत.

आता साहेब गप्प बसून वाट पाहत. वहिनी म्हणत, “पण...” साहेब पुढे वाकून म्हणत, “हं, बोल.” वहिनी पुन्हा म्हणत, “पण...” आणि डाव्या हातानं पांघरुणाची घडी नीट करत राहत.

मागचा पसारा त्या पहिल्या दोन महिन्यांतच वाळून गेला. झाडांना पाणी घालावं लागतं, हे साहेबांना माहीत नव्हतं असं नाही. पण विजेचा दिवा लावताना तारा कुठून आल्यात ते जसं कुणी आठवत नाही, तसं झालं. त्यांच्या लक्षात आलं तेव्हा मागे नुसत्या काड्या उभ्या होत्या. ही गोष्ट त्यांनी वहिनींना सांगितली नाही. वहिनींनी विचारलीही नाही. त्यांचा पलंग पुढच्या खोलीत होता, आणि स्वयंपाकघराच्या दारातून चाकाची खुर्ची जात नव्हती. दार साडेसव्वीस इंच, खुर्ची सत्तावीस. साहेबांनी तीन वेळा मोजलं होतं.

पलंगावरून एकच खिडकी दिसायची, आणि त्या खिडकीबाहेर एक राखाडी भिंत. वहिनी दिवसभर त्या भिंतीकडे बघत. एका सकाळी साहेबांनी विचारलं, “त्या भिंतीत काय आहे बघण्यासारखं?” वहिनींनी त्यांच्याकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, आणि म्हणाल्या, “पण.”

साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला आणि टेप घेऊन बाहेर गेले. खिडकीखालची जागा भरली बारा फूट बाय दीड फूट.

आता अडचण अशी की ती जागा सामायिक होती, आणि सामायिक जागेत कुणी खासगी लागवड करू नये, असा कॉलनीचा नियम होता. नियम कडक होता, भाषा निर्दोष होती, पळवाट एकही नव्हती. असायची कशी? तो साहेबांनीच लिहिला होता, अठरा वर्षांपूर्वी, कमिटीवर असताना. वहिनींनी तेव्हा खिडकीखाली चार रोपं लावायची म्हटलं होतं, आणि घरचं माणूस नियमाला अपवाद नको म्हणून साहेबांनी आधी घरच्याच माणसाला मागच्या गल्लीकडे पाठवलं होतं.

कॉलनीचे सेक्रेटरी दातांचे डॉक्टर होते. त्यांना गाठायचं तर दवाखान्यात, आणि दवाखान्यात आत जायचं तर पेशंट म्हणून. साहेबांनी नाव लिहिलं, खुर्चीत बसले, आणि अर्ज पुढे करायच्या आत डॉक्टरांनी त्यांचा जबडा उघडून त्यात आरसा घातला. “खिडकीखाली फुलं लावायची परवानगी हवी आहे,” असं साहेब म्हणाले. बाहेर आलं ते “इअईआई उअं.”

“दुखतंय?” डॉक्टरांनी विचारलं.

साहेबांनी जोरजोरानं मान हलवली. डॉक्टरांनी ज्या दाताशी मान थांबली तो दात भरायला घेतला. पाऊण तास साहेब आ करून पडले होते. सगळं सांगायचं होतं, एक अक्षर धड निघत नव्हतं, आणि वर वाकलेला माणूस प्रेमानं भलतंच समजून घेत होता. खुर्चीतून उठताना त्यांचे डोळे ओले होते. डॉक्टरांना वाटलं, भूल कमी पडली.

“पण साहेब, नियम तुमचाच आहे,” अर्ज वाचून डॉक्टर म्हणाले. “अक्षरसुद्धा तुमचंच.”

“चुकीचा होता,” साहेब म्हणाले. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी हे वाक्य कधी वापरलं नव्हतं, त्यामुळे ते जरा मोठ्यानं आलं आणि बाहेर बसलेल्या दोन पेशंटांनी माना वर केल्या.

तीन आठवड्यांनी परवानगी आली. अट एकच, रोपांची उंची खिडकीच्या कठड्यावर जाऊ नये. म्हणजे फुलं सगळ्या कॉलनीला दिसतील, फक्त पलंगावरच्या माणसाला नाहीत. साहेब पुन्हा दवाखान्यात गेले. अट रद्द झाली. आणखी एक दात भरला गेला.

बी आणलं. वाळक्या पाकळ्यांचा कचरा असावा तसं ते दिसत होतं. दुकानदार चुकून झाडलोट देतोय की काय, असा साहेबांना संशय आला. घरी येईपर्यंत शेजारचे कंपाउंडर फाटकाशी हजर. हे एका दवाखान्यात औषधं देऊन निवृत्त झालेले गृहस्थ. जगातल्या सगळ्या प्रश्नांना त्यांच्याकडे डोस होता.

“खोल लावा साहेब. दोन इंच. आणि पाणी सकाळी एक लोटा, संध्याकाळी एक लोटा. कोर्स मध्येच सोडायचा नाही.”

साहेबांनी पट्टी लावून दोन इंचांचे खड्डे केले, दोरी बांधून रांगा आखल्या आणि प्रत्येक खड्ड्यात बी ठेवलं. मग कोर्स सुरू झाला. आठ दिवसांत त्या बारा फुटांत इतकं पाणी मुरलं की भिंतीला ओल आली आणि सेक्रेटरींची चिठ्ठीही आली. वहिनी आतून हे सगळं बघत होत्या. लोटा ओतला की त्यांचा डावा हात पांघरुणावर आपटायचा. “पण! पण!”

“अगं, घालतोय ना पाणी,” साहेब बाहेरून ओरडून सांगत आणि आणखी एक लोटा ओतत.

दहाव्या दिवशी हिरवे ठिपके दिसले. साहेबांनी वही काढली. तारीख, उंची, पानांची संख्या. पाव इंच, अर्धा इंच, सव्वा इंच. कंपाउंडर रोज येऊन वही तपासत आणि “रिस्पॉन्स चांगला आहे” म्हणत. काही रोपं आखलेल्या रांगांच्या बाहेर आली होती, त्याबद्दल साहेबांनी जरा नापसंती दाखवली. पण जोम असा होता की त्यांनी तेवढं माफ केलं. एक महिना त्यांनी त्या रोपांना बोटांनी पुसलं, किडे वेचले, उन्हात वर्तमानपत्राची सावली केली. घोटाभर उंच झाल्यावर त्यातलं सगळ्यात देखणं रोप त्यांनी मुळासकट काढलं, चहाच्या मगमध्ये लावलं आणि दोन्ही हातांनी धरून वहिनींसमोर नेलं.

वहिनींनी बघितलं. मान वाकडी करून पुन्हा बघितलं. मग त्यांच्या ओठांचा डावा कोपरा थरथरला, आणि त्या हसल्या. अर्धाच चेहरा हसत होता, पण हसत होता तो अगदी पूर्वीसारखा. डोळ्यांतून पाणी आलं, खोकला लागला, आणि त्या थांबेनात.

दिवसभर वहिनींची देखभाल करणाऱ्या मावशी धावत आल्या. मगकडे बघून म्हणाल्या, “साहेब, हे तण घरात कशाला आणलं?”

साहेबांचा चेहरा उतरला. सगळ्या खात्यात ज्यांच्या मोजणीला कुणी आव्हान दिलं नव्हतं, त्यांनी महिनाभर गवताची वही ठेवली होती. तो मग घेऊन ते तरातरा बाहेर गेले, अंगणात उभे राहिले, आणि तिथं त्यांच्या ध्यानात आलं की सात महिन्यांत वहिनी पहिल्यांदा हसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी ते तोच मग घेऊन पुन्हा पलंगाशी गेले आणि चेहरा गंभीर ठेवून म्हणाले, “बघ, किती छान आलंय.” वहिनींनी त्यांच्याकडे असं बघितलं, की ते मुकाट्यानं परतले.

तिसऱ्या दिवशी मात्र साहेबांनी आयुष्यात न केलेली गोष्ट केली. उरलेलं बी, एक घमेलं माती आणि पाण्याचं भांडं घेऊन ते पलंगाजवळ बसले आणि म्हणाले, “मला येत नाही. तू दाखव.”

मावशींनी चादरीच्या नावानं आरडाओरडा केला. वर्तमानपत्रं पसरली गेली. वहिनींनी डाव्या हातानं एक बी उचललं, मातीवर ठेवलं, आणि बोटानं दाबलं. किती? नखाच्या पांढऱ्या कडेएवढं. दोन इंच कुठे आणि हे कुठे! मग बोटं पाण्यात बुडवून वर नुसती झटकली. झालं. त्यांचं एक वाक्य पुरं झालं होतं. साहेबांनी दुसरं बी पुढे केलं. सगळं बी संपेपर्यंत दुपार गेली, चादर गेली, आणि वहिनींच्या नखांत माती बसली. संध्याकाळी मावशी ती धुवायला गेल्या, तर वहिनींनी मूठ मिटून घेतली.

पाचव्या दिवशी घमेल्यात कोंब आले. ते मोठे झाल्यावर साहेबांनी खिडकीखाली हलवले. जगली ती चौदा रोपं. कंपाउंडर डोस सांगायला आले, तेव्हा साहेब म्हणाले, “आतून विचारून सांगतो.” कंपाउंडरांच्या ते मनाला लागलं, दोन दिवस फिरकले नाहीत.

रोपं फूटभर झाली, आणि एका सकाळी प्रत्येकाच्या शेंड्याला हिरवी गोल कळी दिसली. त्याच सकाळपासून वहिनींनी एक नवी खूण सुरू केली. डाव्या हाताची दोन बोटं उघडायची, मिटायची. कात्री.

साहेबांनी त्यांची नखं कापली. खूण चालूच. मावशींनी केस कापले, तेही वहिनींना पसंत पडले नाहीत. साहेबांनी वर्तमानपत्रातली चित्रं कापून दाखवली, औषधाची पाकिटं कापली, पायजम्याची लोंबणारी नाडीसुद्धा कापून टाकली आणि तो दिवस कमरेला हात लावून काढला. शेवटी त्यांनी कात्रीच वहिनींच्या हातात दिली. वहिनींनी ती खिडकीवर आपटली.

साहेबांनी पलंग ओढून खिडकीला लावला. वहिनींनी कात्रीचं टोक काचेला टेकवलं. पलीकडे बरोबर पहिल्या रोपाचा शेंडा होता.

“कळ्या कापू?” साहेबांचा आवाज चढला. “अगं, वेड लागलंय का? आठ दिवसांत फुलतील त्या! चार महिने झालेत मला या...”

“पण,” वहिनी म्हणाल्या.

साहेब थांबले. वहिनींनी एक बोट उभं धरलं आणि वाकवलं. मग त्याच जागी दोन बोटं उघडली, मग चार, मग अख्खा पंजा; आणि तो पंजा खिडकीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवला. एक कापलं की बाजूनं फुटतं. एकाची खूप होतात. वेळ लागतो, पण खूप होतात.

साहेब बाहेर गेले आणि चौदा कळ्या कापल्या. प्रत्येक कात्रीला ते काचेकडे बघत, आणि वहिनी मान हलवत. कापलेल्या कळ्या त्यांनी बशीत घालून उशाशी ठेवल्या. वहिनी त्या बोटानं फिरवत राहिल्या.

नवव्या दिवशी दुपारी साहेब पट्टी घेऊन खिडकीखाली उकिडवे बसले होते. प्रत्येक रोपाला कापल्या जागेच्या खाली दोन-दोन फुटवे आले होते. त्यांनी मोजले, पुन्हा मोजले, आणि सांगायला आत गेले. मावशी पलंगाशी उभ्या होत्या. त्यांनी साहेबांकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावला.

“अठ्ठावीस,” साहेब म्हणाले. ते ऐकणारं तिथं कुणी नव्हतं.

माणसं आली, गेली. मुलगी आली, आठ दिवस राहिली, गेली. मावशींनी दुसरीकडे काम धरलं. साहेबांनी पलंग उचलून भिंतीला उभा केला आणि मग बसायला जागा नाही म्हणून पुन्हा आडवा केला.

आणि झिनिया फुलले. चौदा रोपांवर किती फुलं आली याची नोंद नाही, कारण साहेबांनी वही बंद केली होती. लाल, शेंदरी, गुलाबी, पिवळी. खिडकी खालपासून वरपर्यंत भरून गेली. फिरायला जाणारे लोक थांबू लागले. सेक्रेटरी खुद्द बघायला आले आणि म्हणाले, सगळ्याच सामायिक जागेत असं करायला काय हरकत आहे? साहेबांनी त्यांच्या तोंडावर खिडकी लावून घेतली.

ते रागावले होते. वहिनींवर रागावले होते. “जन्मात पहिल्यांदा तुझं ऐकलं,” ते रिकाम्या पलंगाला म्हणत. “नसतं ऐकलं, तर एक तरी बघून गेली असतीस.” चार दिवस त्यांनी पाणी घातलं नाही. रोपं तरीही टवटवीत. पाचव्या दिवशी पहाटे त्यांनी पडदा सारून बघितलं, तर कंपाउंडर चपला हातात घेऊन, पावलांचा आवाज न करता, बोटांनी पाणी शिंपडत होते. साहेबांनी पडदा सोडला. त्या दिवसापासून ते स्वतः पाणी घालू लागले, आणि कंपाउंडर फाटकाशी उभे राहून काही न सांगता बघू लागले. काही न सांगणं त्यांना किती जड जात होतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसायचं.

फुलं वाळायला लागली, त्या सुमारास एका दुपारी गल्लीकडचं मागचं दार वाजलं. साहेबांनी उघडलं. बाहेर चाळिशीची एक बाई, गळ्यात गाडीची किल्ली. मागे शाळेची व्हॅन उभी.

“वहिनी आहेत का? बी न्यायला आले. वर्षभर दुसऱ्या रूटवर होते, म्हणून येणं झालं नाही.” तिनं आत डोकावून बघितलं. “अगंबाई, हे सगळं वाळलं कसं?”

इतक्या लोकांना सांगून झालं होतं, की सांगायचं वाक्य साहेबांना पाठ होतं. तरी ते निघेना. बाईनं त्यांच्याकडे नीट बघितलं, आणि ती पायरीवर बसली.

थोड्या वेळानं साहेबांनी पुढची वाळकी फुलं तोडून आणली. वर्तमानपत्र पसरून दोघं पायरीवर बसली. बी कुठलं आणि भुसा कुठला, ते साहेबांना कळत नव्हतं. बाईनं पाकळीच्या बुडाशी चिकटलेलं बी नखानं सोडवून दाखवलं.

“तुमची ओळख होती?” साहेबांनी विचारलं.

“सहा वर्षं. शाळा सुटायच्या आधी अर्धा तास मी इथंच गाडी लावायचे. वहिनी भिंतीच्या आतून, मी बाहेरून. काय बोलायच्या हो! मला तोंड उघडू द्यायच्या नाहीत.”

साहेबांचा हात थांबला. “ही बोलायची?”

“अखंड! नकला काय करायच्या, गोष्टी काय सांगायच्या. तुमच्याच जास्त.” बाई हसली, मग संकोचली. “लग्नानंतर तुम्ही दोघं समुद्रावर गेला होतात म्हणे. वहिनी पाण्यात उभ्या, आणि तुम्ही किनारा पावलांनी मोजत निघालात. पार ठिपक्याएवढे झालात.”

“एक हजार एकशे सत्तर पावलं,” साहेब म्हणाले.

“हो, तेही सांगायच्या. आणि मग म्हणायच्या, येताना मात्र तिरके, सरळ माझ्याकडे चालत आले. येताना मोजायचं विसरले.”

साहेबांनी मान खाली घातली आणि बराच वेळ एकच वाळकं फूल चोळत राहिले. त्यातलं बी केव्हाच गळून पडलं होतं.

“आणखी काय म्हणायची?”

बाई सांगत गेली. साहेब मध्ये एकदाही बोलले नाहीत. लांबून शाळेची घंटा ऐकू आली तशी ती लगबगीनं उठली. “पोरं खोळंबतील. बी द्या ना बांधून.”

साहेबांनी कागदाकडे बघितलं. बी एका बाजूला, भुसा दुसऱ्या बाजूला, सगळं निवडून झालं होतं.

“अजून बरंच राहिलंय,” ते म्हणाले. “उद्या याल?”

“उद्या रविवार.”

“मग सोमवारी या. थोडं लवकर जमलं तर बघा.”

व्हॅन गल्लीच्या वळणावर दिसेनाशी झाली. साहेब पायरीवर बसले, आणि निवडलेलं सगळं बी त्यांनी हलक्या हातानं पुन्हा भुशात कालवून टाकलं.